अडलेली कात

या महिन्यात सात पत्रं आली. त्यांतल्या एकाला मी सदराची बहुतेक जागा देते आहे. टॅरंट्युला कात टाकताना अडली, असं पत्र दर उन्हाळ्यात एखादं तरी येतं, आणि ते माझ्या हातात पडतं तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. या ताईंना मी लगेच ईमेलने थोडक्यात कळवलं होतं. इथे सविस्तर लिहिते, म्हणजे ज्यांच्या घरी असा कोळी आहे त्यांना ते वेळेआधी वाचायला मिळेल.

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही ॲरिझोनात फिनिक्सजवळ राहतो. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाकडे मेक्सिकन रेड नी टॅरंट्युला आहे. मादी आहे, नाव शेवंती. सहा वर्षांपूर्वी आणली तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढी होती, आता पाय पसरले की माझा तळहात भरतो. एप्रिलअखेर तिने खाणं सोडलं. जूनच्या मध्यावर एका रात्री ती उलटी झाली. आम्ही तिघंही दिवा मंद करून बघत बसलो. पाठीवरचं कवच निघालं, पोटाची कात निघाली, पण उजवीकडचे मागचे दोन पाय जुन्या कातीतच राहिले. पहाटेपर्यंत तसंच. मुलगा रडायला लागला म्हणून माझ्या नवऱ्याने चिमट्याने कात ओढली, तर एक पाय मधोमध तुटला आणि निळसर पाणी आलं. घाबरून आम्ही स्प्रेच्या बाटलीने तिच्यावर पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी ती आपणहून सरळ झाली. दुसऱ्या पायाला कात तशीच लटकत होती, आठवड्याने तो पाय तिने टाकूनच दिला. आता सहा पायांवर आहे. तीन आठवडे झाले, रातकिडा सोडला की मागे सरकते. आमचं काय चुकलं? पुढच्या वेळी हे होऊ नये म्हणून काय करू? मुलगा सगळा दोष स्वतःकडे घेतो आहे.

उत्तर: ताई, आधी तुमच्या मुलाशी बोलते. बाळा, तू पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. शेवंतीचे दोन्ही सुळे जागेवर आहेत, सरळ आहेत आणि आता काळे झाले आहेत. पोट द्राक्षासारखं गोल आहे, सुकलेलं नाही. गेलेले पाय तिला परत येतील. पुढच्या कातीत ते बारीक आणि आखूड दिसतील, त्यानंतरच्या एक-दोन कातींत बाकीच्या पायांच्या बरोबरीला येतील. तोवर सहा पायांवर ती बीळ उकरेल, शिकार धरेल, काचेवरसुद्धा चढू बघेल. चढू देऊ नकोस. एवढ्या जड पोटाची टॅरंट्युला फूटभर उंचीवरून पडली तरी पोट फुटू शकतं, म्हणून मातीची पातळी वाढव आणि वर मोकळी जागा कमी ठेव.

आता तुमच्यासाठी, आणि जरा मुळापासून.

आपण साप कात टाकतो म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एक पातळ पापुद्रा येतो. टॅरंट्युलाचं तसं नाही. तिचा सांगाडा बाहेर असतो आणि तो पूर्णच्या पूर्ण बदलायचा असतो. सुळे, तोंडाची नळी, अन्न ओढून घेणाऱ्या जठराचं आतलं अस्तर, फुप्फुसांच्या पानापानांवरचा पापुद्रा, मादी असेल तर वीर्य साठवायच्या पिशवीचं अस्तर, हे सगळं जुन्या कातीबरोबर बाहेर येतं. शेवंतीची कात टाकून दिली नसेल तर कोमट पाण्यात भिजवून भिंगाखाली बघा. पोटाकडच्या भागात आतून चार पांढरे ठिपके दिसतील, ती फुप्फुसं. पुढच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये छोटा घडीसारखा भाग दिसला की ती मादी, हे तिथेच ठरतं.

हे सगळं ती करते रक्ताच्या दाबावर. पोटातलं रक्त ती पुढच्या भागात ढकलते आणि पाठीवरचं कवच डब्याचं झाकण उघडावं तसं पुढून वर उचललं जातं. मग ताल धरल्यासारखा एकेक रेटा येतो, मध्ये विश्रांती, पुन्हा रेटा, आणि प्रत्येक रेट्याला आठ पाय आणि तोंडाजवळचे दोन आखूड पाय असे दहाच्या दहा अवयव थोडे थोडे सरकत बाहेर येतात. टॅरंट्युलाला पाय आत ओढायला स्नायू असतात, पण मुख्य सांध्यांत पाय लांबवण्याचं काम रक्ताचा दाबच करतो. अंगात पाणी कमी असेल तर हा दाब कुठून यायचा? शिवाय जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये एक पातळ द्रव असतो. तो पुरेसा असला तर पाय घसरून बाहेर येतो, तो आटला तर डिंकासारखा चिकटतो. शेवंतीचं हेच झालं.

तुमच्या पत्रात पाण्याच्या भांड्याचा उल्लेख नव्हता म्हणून मी मुद्दाम विचारलं. तुम्ही लिहिलंत की दुकानात भांड्यात स्पंज ठेवायला सांगितलं होतं, आणि हा वाळवंटातला प्राणी, जास्त पाणी नको, असंही सांगितलं होतं. ताई, या दोन्ही गोष्टी मी वीस वर्षं ऐकते आहे आणि दोन्ही वेळा माझा जीव तुटतो. स्पंजात टॅरंट्युलाला तोंड बुडवता येत नाही, आणि फिनिक्सच्या जूनमध्ये तो दुपारपर्यंत पापडासारखा वाळतो. रेड नी वाळवंटातलीही नाही. ती मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्यावरच्या झाडीतली, कोलिमा, हालिस्को, मिचोआकान भागातली. तिथे जून ते ऑक्टोबर पाऊस असतो, आणि बाकीच्या दिवसांतही ती बिळात खोल बसते, जिथे माती ओलसर असते. वरची जमीन रखरखीत दिसते, पण ही राहते जमिनीच्या खाली, हे आपण विसरतो.

जाता जाता एक सांगते. तुमच्या पावतीवर ‘ब्रॅकिपेल्मा स्मिथी’ असं नाव आहे. २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की आपण स्मिथी म्हणून सांभाळत आलो त्यांतल्या बहुतेक ‘ब्रॅकिपेल्मा हॅमोरी’ आहेत. फोटोवरून शेवंती मला हॅमोरीच वाटते. सांभाळण्यात फरक काही नाही, पण मुलाला वहीत नाव बरोबर लिहायला आवडेल.

तर आधीची चूक ती, पाण्याची. आणि ती एप्रिलपासूनची आहे, त्या रात्रीची नाही. हे मी तुमच्या मुलासाठी ठासून लिहिते आहे. त्या रात्री त्याने काहीही केलं नसतं तरी पाय अडणारच होते.

दुसरी चूक चिमट्याची. ती मीही केलेली आहे. २००६ साली माझ्याकडे चिली रोझ जातीची एक तरुण टॅरंट्युला होती, चार-साडेचार इंचांची. कवच निघून तीन तास झाले आणि डावीकडचे पाय निघेनात. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते, हात स्थिर आहे, बारीक चिमटे हाताशी असतात. मला वाटलं मला जमेल. मी कातीचं टोक धरून ओढलं. कात सुटली, पण तिच्याबरोबर नवा पायही ताणला गेला आणि गुडघ्याच्या वर चिरला. नवी कातडी त्या वेळी उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी मऊ असते, तिला ओढ सहन होत नाही. पुसट निळ्या रंगाचं रक्त थेंबाथेंबाने वाहत राहिलं. आपल्या रक्तात लोह असतं तसं हिच्या रक्तात तांबं असतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण तो रंग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. रक्त गेलं म्हणजे दाब गेला, आणि दाब गेल्यावर उरलेले पाय निघायचा प्रश्नच उरला नाही. सकाळी ती गेली होती.

त्यानंतर पाच वर्षांनी, २०११ च्या जूनमध्ये, बयो अडली. बयो म्हणजे माझी ॲरिझोना ब्लाँड, इथल्या टूसॉनच्याच मातीतली जात. शेजारचे आजोबा शहर सोडून जाताना तिला माझ्या स्वाधीन करून गेले होते. त्या आठवड्यात आमचा पाण्यावर चालणारा कूलर बिघडला होता आणि घरात नुसती कोरडी झळ होती. रात्री दहाला ती उलटी झाली, साडेअकराला कवच उघडलं, पोट मोकळं झालं, आणि मग रेटे मंदावले. उजवीकडचे चार पाय अर्ध्यावर थांबले. मी घड्याळ समोर ठेवलं. एक वाजला, दोन वाजले. दोन वाजल्यानंतर रेटा दिसेनासा झाला, नुसती पायाच्या मुळाशी बारीक थरथर.

लग्नाच्या आदल्या दिवशी मिरजेत कासाराकडे चुडा भरायला बसलेलं मला त्या रात्री आठवलं. माझे हात हाडापेराने मोठे, बांगड्या अंगठ्याच्या हाडावर अडायच्या. कासाराने एकदाही जोर केला नाही. हात ओला करायचा, दाबायचा, मी श्वास सोडला की बांगडी गव्हाभर पुढे सरकवायची, पुन्हा थांबायचा. एवढ्या बांगड्या भरल्या, एक पिचली नाही. मी बयोसाठी तेच केलं. पाव वाटी कोमट पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब घातले. चित्रकलेचा दोन नंबरचा मऊ ब्रश त्यात बुडवून कडेला टिपून घेतला, म्हणजे तो ओला राहील पण थेंब पडणार नाही. आणि जुन्या कातीच्या तोंडाशी, जिथे नवा पाय आत शिरलेला दिसतो त्या कडेवर, गोल फिरवून लावत राहिले. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, नुसतं भिजवायचं. दहा मिनिटं लावायचं, दहा मिनिटं हात मागे घ्यायचा. पावणेचारच्या सुमारास तिने स्वतः एक रेटा दिला आणि दुसरा पाय तांदळाच्या दाण्याएवढा बाहेर सरकला. जुनी कात मी चिमट्याने नुसती धरून ठेवली होती, जागच्या जागी, म्हणजे तिला ओढायला काहीतरी घट्ट मिळावं. सहा वाजेपर्यंत तीन पाय निघाले. चौथा मी सोडून दिला. तो वाकडाच सुकला, नवव्या दिवशी तिने तो स्वतः टाकला, आणि २०१३ च्या कातीत तिथे काडीसारखा बारीक पाय आला. आज तो कुठला हे मला मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

आता कधी हात घालायचा ते. उलटी पडून नुसती निश्चल आहे, कवच अजून बंद आहे, तर हात लावू नका. मोठी मादी तशी कित्येक तास पडून राहते. पूर्ण दिवस गेला तरी मी वाट बघते. कवच उघडल्यावर मात्र घड्याळ सुरू होतं, कारण नवी कातडी हवेला लागली की हळूहळू कडक व्हायला लागते, आणि पाय आत वाकडा असेल तर वाकडाच कडक होतो. रेटे येत आहेत तोवर तिचं तिला करू द्या, कितीही हळू असलं तरी. कवच उघडून तीन-चार तास झाले आणि तासाभरात काहीच पुढे सरकलं नाही, तर ब्रश उचला. हा माझा हिशेब आहे, माझ्या हाताखालून गेलेल्या कोळ्यांवरून बांधलेला. कुणी दोन तास आधी सुरुवात करतं, कुणी अजिबात हात लावत नाही.

तिला सरळ करायचा प्रयत्न कधीही करू नका. आणि पाणी फवारू नका. ती उलटी असते तेव्हा पोटाखालच्या फुप्फुसांच्या चार फटी वर आलेल्या असतात, तुम्ही मारलेला स्प्रे नेमका तिथेच बसतो. शेवंती त्यातून वाचली हे तिचं नशीब. ब्रशसुद्धा पोटाच्या त्या भागाकडे न्यायचा नाही. काही जण पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब घालतात. मी घालत नाही, कारण साबणाचं पाणी बारीक फटीत साध्या पाण्यापेक्षा लवकर शिरतं. दिवा लावायचा तर गरम न होणारा. आणि चष्मा घाला, हातमोजे घाला. अमेरिका खंडातल्या बहुतेक जातींच्या पोटावर खाजरे केस असतात, कात टाकण्याआधी काही जाती ते खालच्या जाळ्याच्या गादीवरही पसरून ठेवतात. तुम्ही तोंड जवळ नेऊन तासभर वाकून बसणार, एक केस डोळ्यात गेला तर महिनाभर डॉक्टरकडे खेपा.

पाय मधेच चिरला आणि रक्त आलं तर टिश्यूच्या टोकाने टिपा आणि जखमेवर व्हॅसलिनचा जाडसर ठिपका द्या. कॉर्नफ्लोअरची चिमूटही चालते. रक्त थांबवणं हे उरलेल्या पायांपेक्षा महत्त्वाचं. तिने पाय स्वतः टाकला तर तो अंगाजवळच्या ठरलेल्या सांध्यातून सुटतो आणि तिथली जखम आपोआप आवळली जाते. म्हणूनच मी म्हणते, शेवटचा एखादा पाय निघत नसेल तर तो तिच्यावर सोपवा. आपण तोडतो ती जखम आणि ती सोडते ती जखम यांत फार फरक असतो. लटकणारी कोरडी कात अडखळत असेल तर आठ-दहा दिवसांनी, अंग कडक झाल्यावर, बारीक कात्रीने मोकळा भाग कापा. नव्या पायाला चिकटलेला भाग तसाच ठेवा.

तुमच्या भागात एक्झॉटिक प्राण्यांचे डॉक्टर मिळतात. त्यांच्यातले काही कोळीही बघतात आणि भूल देणारा वायू वापरून तिला स्थिर करून काम करतात. नंबर आताच शोधून फ्रिजवर चिकटवा. मध्यरात्री शोधायला बसू नका.

आता तिच्या जेवणाचं. तीन आठवडे ही काळजीची मुदत नाही. मोठ्या मादीला कात टाकल्यावर मी दोन आठवडे काही देतच नाही. सुळे आधी पांढरे, मग तांबूस, मग काळे होतात, आणि काळे झाल्याशिवाय त्यांनी काही टोचलं तर ते वाकू शकतात. शेवंतीचे काळे झालेत, तेव्हा सुरुवात करायला हरकत नाही. पण जिवंत रातकिडा नको. सहा पायांवर तिचा तोल अजून बसलेला नाही आणि धावणाऱ्या किड्याची तिला भीती वाटते आहे. रातकिडा मारून, पोट थोडं उघडून, संध्याकाळी चिमट्याने तिच्या पुढच्या पायांना हलकेच टेकवा. घेतला नाही तर तिथेच ठेवा आणि सकाळी काढून टाका. चार-पाच दिवसांनी पुन्हा.

दोन-तीनदा तिने तोंडाशी धरून सोडून दिला तर मला कळवा. तेव्हा जुन्या कातीच्या तोंडाचा भाग बघावा लागेल, जठराचं अस्तर बाहेर आलंय की आतच राहिलंय ते. आत राहिलं असेल तर रातकिड्याचा मऊ भाग पाण्यात चेचून लापशीसारखा करायचा आणि उथळ झाकणात घालून ते तिच्या तोंडाखाली सरकवायचं. अशी मी एक टॅरंट्युला पुढच्या कातीपर्यंत जगवली आहे. पण फोटोंवरून मला तसं वाटत नाही. ती घाबरली आहे, एवढंच.

पुढची कात शेवंतीच्या वयाला वर्ष-दीड वर्षाने येईल. तोपर्यंत तुमच्या मुलाकडे एकच काम: पाण्याचं भांडं. उथळ, जड, स्पंज नसलेलं, आणि रोज काठोकाठ भरलेलं. आठवड्यातून एकदा भांडं मुद्दाम सांडेपर्यंत ओतायचं, म्हणजे त्या कोपऱ्यातली माती खालपर्यंत ओली राहील. बाकीची माती कोरडी असू द्या. तिला हवं तेव्हा ती ओल्या कोपऱ्यात जाईल, नको तेव्हा बाजूला होईल. पिंजऱ्याची सगळी हवा दमट करायच्या मागे लागू नका, दमट आणि कोंदट यांत अंतर फार थोडं आहे आणि बुरशी लगेच धरते.

आणि लक्ष ठेवायचं. खाणं थांबेल. पोटावर मागे जिथे केस झडून टक्कल पडलंय, तिथली गुलाबीसर कातडी निळसर काळी होत जाईल, म्हणजे आत नवे केस तयार झाले. अंग चमकेल. मग ती जाळ्याची चटई विणेल. त्या दिवशी पिंजऱ्यात एकही रातकिडा उरलेला नाही ना, ते माती उकरून बघा. मऊ अंगाच्या टॅरंट्युलाला रातकिडा कुरतडून मारतो. त्यानंतर पिंजरा हलवायचा नाही, झाकण उघडायचं नाही, कार्यक्रम असल्यासारखे पाहुणे बोलवायचे नाहीत. ब्रश, ग्लिसरीन, ड्रॉपर, व्हॅसलिन एका डब्यात घालून शेजारी ठेवा. माझ्याकडे तसा डबा बयोपासून आहे, आणि तो मला चारदाच उघडावा लागला.

प्रश्न: न्यू जर्सीहून लिहितो आहे. आमच्या टॅरंट्युलाने दोन महिने काही खाल्लं नाही, आज सकाळी पाठीवर उलटी पडलेली दिसली, पाय वर, हालचाल नाही. मेली असं समजून बागेत पुरायला निघालो होतो, बायको म्हणाली आधी विचारा.

उत्तर: तुमच्या पत्नीला माझा नमस्कार सांगा. मी फोनवर सांगितलं तसं झालंच, संध्याकाळी नवी कोरी उठून बसली. हे सगळ्यांसाठी: टॅरंट्युला मरायला आली की बहुतेक वेळा सरळ असते आणि पाय मूठ आवळल्यासारखे पोटाखाली वळतात, कारण दाब गेलेला असतो. पाठीवर उलटी, पाय सैलसर पसरलेले, खाली जाळ्याची गादी, म्हणजे ती कात टाकते आहे. तिला फुंकर घालून, काडीने ढोसून बघू नका. खात्री होत नसेल तर दोन दिवस तशीच राहू द्या. मेलेली असेल तर वासाने कळेल. जिवंतपणी पुरलेल्या टॅरंट्युलांच्या गोष्टी मला पत्रांतून इतक्यांदा वाचाव्या लागल्या आहेत की अशी एक वाचली, याचा आनंद मी दिवसभर घेऊन फिरले.

प्रश्न: मी सावंतवाडीजवळच्या गावात असतो, हे मासिक भावाकडून वाचायला मिळतं. आमच्या परसातल्या जांभ्याच्या दरडीत मोठा केसाळ कोळी आहे, बिळाच्या तोंडाला पांढरं जाळं. पुतण्याला तो धरून बरणीत पाळायचा आहे. कात टाकताना त्याला काय मदत करावी लागेल?

उत्तर: दादा, त्याला बिळात राहू द्या, एवढीच मदत. पत्रावरून जात सांगता येणार नाही, पण सह्याद्रीत बिळं करून राहणारे असे टॅरंट्युला आहेत, आणि किलोब्रॅकिस फिंब्रिएटससारख्या काहींची शास्त्रीय नोंद १८९९ सालापासून आहे. त्या बिळात खालची माती उन्हाळ्यातही थंड आणि ओलसर असते, आणि वर मी ज्या ब्रशाचं, ग्लिसरीनचं पुराण लावलं ते सगळं त्या ओलाव्याची भरपाई करायला आहे. बरणीत तो ओलावा नाही.

दुसरं, आपल्याकडच्या जातींना खाजरे केस नसतात, म्हणून त्या चावण्यावर येतात, आणि चावा साधा नसतो. झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या पोसिलोथेरियाच्या चाव्याने तर दिवसेंदिवस स्नायूंत पेटके येतात. ही सगळी पोसिलोथेरिया प्रजाती २०१९ पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती लागू झाल्यापासून साइट्सच्या यादीतला जिवंत प्राणी भारतात घरात ठेवायचा तर त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. रेड नीलाही हाच नियम आहे. आंध्रातली गुटीची निळी टॅरंट्युला आज युरोप-अमेरिकेच्या बाजारात सर्रास मिळते, आणि तिच्या स्वतःच्या जंगलात ती नामशेष व्हायच्या काठावर आहे. तिला पहिल्यांदा कुणीतरी बरणीतच घातलं होतं.

पुतण्याला वही द्या. पाऊस उघडल्यावर रात्री आठ-नऊच्या सुमाराला मंद टॉर्च घेऊन दरडीपासून चार हात लांब बसायचं, पाय आपटायचा नाही. अंधार पडला की तो कोळी बिळाच्या तोंडाशी येऊन पुढचे दोन पाय बाहेर टेकून बसतो. आणि एखाद्या सकाळी बिळाबाहेर चुरगळलेला केसाळ कोळी पडलेला दिसला, हलका, पोकळ, पाठीवर झाकण उघडल्यासारखा, तर घाबरायचं नाही. ती त्याची कात आहे. ती मात्र पुतण्याने खुशाल उचलून घरी आणावी.